त्या घरची कढई

३ मार्च, रविवार

आईला लिआंगबद्दल सांगितलं, लग्न करायचंय म्हणून. ती झाकणाच्या चहाच्या वाट्या पुसत होती. पुसणं थांबलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं—

"तो ‘ते’ खातो?"

‘ते’ म्हणजे डुकराचं मांस. आमच्या घरात तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आत्ता लिहितानाही हात अडला. वहीला काय कळतंय! तरी अडला.

"आधी खायचा. आता नाही खात."

"असं तो म्हणतो."

"असं मी बघते, आई."

"आणि त्याची आई? तिच्या चुलीवर काय शिजतं?"

लिआंगची आई हानजोंगला एकटी राहते. हिवाळ्यात तिच्या चुलीवर धुरात काय टांगलेलं असतं ते मी फोटोत पाहिलंय.

मग आई सुरू झाली. "अख्ख्या लानजोऊत एक हुई मुसलमान मुलगा मिळाला नाही? गल्लीच्या तोंडाशी मशीद, मशिदीत इतकी पोरं, आणि हिला सापडला कोण, तर कामावरच्या पंपघरातला हान! बाबांना तूच सांग. माझ्यात तेवढी ताकद नाही."

तरी माझ्या चहात खडीसाखर तिनंच घातली. नेहमीपेक्षा जास्त.

५ मार्च

बाबांना सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

६ मार्च

आजही नाही.

१० मार्च, रविवार

सांगितलं. आमच्या नूडल्सच्या दुकानात.

रविवारी गल्ल्यावर मीच बसते. सकाळची गर्दी ओसरली होती, रश्श्याचं पातेलं तळाला गेलं होतं. बाबा पीठ मळत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि अहवाल द्यावा तसं सांगून टाकलं. नाव, गाव, नोकरी, वय. दुसरी पद्धत मला येत नाही.

"हान?"

"हो."

"धर्मात येणार?"

"येणार म्हणतो. मशिदीत आहोंगांकडे शिकायला जायला लागलाय."

"अल्लासाठी की तुझ्यासाठी?"

खोटं बोलायला हवं होतं. "सध्या माझ्यासाठी," म्हटलं.

बाबांनी पिठावर फडकं घातलं. हात धुतले. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. मग म्हणाले, "मी निकाहला बसणार नाही."

बस्स. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

सरकारी दाखला कधीही मिळेल. त्याला बाबा लागत नाहीत. पण बाप बसला नाही तर आहोंग निकाह पढणार नाहीत, हे मला माहीत आहे, लिआंगलाही माहीत आहे. आणि पढले तरी! मला बाबा लागतात.

नंतर माझी नूडल्सची वाटी आली ती दुसऱ्या आचाऱ्याच्या हातची. लहानपणापासून माझ्या नूडल्स बाबाच पीठ ओढून करतात. मला आवडते ती जाडी त्यांच्या हाताला पाठ आहे. अगदी बारीक नाही, त्याच्या एक पायरी वर. आजच्या कमी-जास्त होत्या. खाल्ल्या.

१४ मार्च

नदीचा गढूळपणा वाढलाय. वर बर्फ वितळतंय. जलशुद्धीकरण केंद्रात दिवसभर पाण्याचे नमुने.

नमुन्याची बाटली आधी त्याच पाण्यानं विसळायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा विसळायची. नव्या मुलीला शिकवताना ती म्हणाली, "ताई, बाटली तर धुतलेलीच आहे." मी म्हटलं, स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं.

बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. नमाजाआधी ते तोटीच्या झारीनं हात-पाय धुतात. झारीतून आलेलं पाणी खाली जातं, परत भांड्यात येत नाही. मी लहान होते तेव्हा बादलीत हात बुडवून धुतले की ओरडायचे. "घाण घाणीतच ढवळतेस!"

मी रोज नमाज पढत नाही. पण बादलीत हात आजही बुडवत नाही.

१७ मार्च, रविवार

लिआंग मशिदीतल्या वर्गाला जाऊन आला. त्याच्याशिवाय सगळी शाळकरी पोरं. त्यानं झारी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि आहोंगांना म्हणाला, तोटीचा कोन जरा बदलला तर पाणी निम्मं लागेल. आहोंग म्हणाले, "तू आधी हात धू बाबा, तोटीचं मग बघू."

हे सांगताना तो स्वतःच हसत होता. मीही हसले. दुकानाबाहेर कुठेतरी असं हसले की मला उगाच अपराधी वाटतं.

कलमा त्याला अजून नीट येत नाही. पंपघरात म्हणतो, कारण तिथल्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

बाबा अजून बोलत नाहीत. म्हणजे बोलतात. "सुट्टे दे." "दार लाव." एवढंच.

२४ मार्च, रविवार

आजोबा गेले तो दिवस. पहाटेपासून आई तळणावर. घरभर तेलाचा वास, आहोंग येऊन कुराण पढून गेले, तळलेल्या पोळ्या शेजारी वाटल्या.

दुपारी आईनं माझ्या पिशवीत एक पुडकं कोंबलं. "कामावर खा."

"उद्या? एवढ्या?"

"तुला एकटीला संपत नसतील तर दे कुणाला तरी. पंपघरात माणसं असतीलच की."

मी तिच्याकडे पाहिलं. ती झाऱ्यावरचं तेल निथळवत होती. "बघतेस काय? गार झाल्या की चिवट होतात, त्याला सांग."

त्याला!

२९ मार्च

लिआंगच्या आईचा फोन. मी तिला काकू म्हणते.

"अगं, छिंगमिंगला, पितरांच्या सणाला येतेस ना? त्याच्या वडिलांच्या थडग्यावर जायचंय. तू नुसती बाजूला उभी राहा. तुझ्याकडून काही करून घेणार नाही मी. आणि जेवायची काळजी करू नकोस, मी सगळं विचारून ठेवलंय."

कुणाला विचारलं कोण जाणे.

मग— "तो पुढच्या वर्षी वडिलांच्या नावानं पैशांचे कागद जाळणार नाही म्हणे."

"नाही, काकू."

"मांस-दारूही ठेवणार नाही?"

"नाही."

"बरं. मी मेल्यावर मला भूक लागली तर मीच बघेन काहीतरी." आणि हसली. हसणं खरं होतं की नाही ते फोनवरून कळलं नाही.

आईला सांगून जातेय. आई म्हणाली, "उकडलेली अंडी ने. फळं ने. तिथलं काही तोंडात घालू नकोस." बाबा ऐकत होते.

५ एप्रिल, शुक्रवार. हानजोंग

सगळीकडे मोहरीची पिवळी शेतं. टेकडीच्या उतारावर लिआंगच्या वडिलांचं थडगं. मी बाजूला उभी राहिले. लिआंगनं गवत काढलं, कागद जाळले, डोकं टेकलं. हे शेवटचं आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

काकू थडग्याशी बोलत होती, शेजाऱ्याशी बोलावं तसं. "पुढच्या वर्षी तुमचा मुलगा हात हलवत येणार, बरं का. रागावायचं नाही. पोरगी चांगली आहे, पाणी तपासते. ही बघा."

मी काय करावं ते कळेना. मान झुकवली. एवढं चालत असावं.

६ एप्रिल, शनिवार

कालचं जेवण. नीट, क्रमानं लिहिते.

काकूनं सगळं नवं आणलं होतं. वाट्या, चॉपस्टिक्स, सुरी, चिरायची फळी. वाट्यांवरचे चिकट कागद तसेच होते, मुद्दाम ठेवलेले. म्हणजे मला दिसावं. गोमांस गावातल्या हलाल दुकानातून, बस बदलून जाऊन आणलेलं. कढईसुद्धा नवी, लोखंडाची. वाटलेली मिरची, लसणाची पात, गोमांस. मी पिशवीतली अंडी पिशवीतच ठेवली आणि जेवायला बसले.

चव चांगली होती. दुसऱ्यांदा घेतलं.

काकू खुशीत आली. "कढई बघितलीस? आरशासारखी झालीय. दोन दिवस हेच करत होते. तापवायची, ताजी चरबी घासायची, पुसायची, पुन्हा तापवायची. डुकराच्या कातडीकडची चरबी घेतली, चांगली जाडजूड. आता जन्मात गंजणार नाही!"

लिआंगच्या चॉपस्टिक्स हवेत थांबल्या.

काकू त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग हळूहळू हात तोंडावर गेला.

नव्या कढईला त्या घरांत तीच चरबी पाजतात. तिच्या आईनं तशीच पाजली, सासूनं तशीच. ते जेवणात जात नाही ना, भांड्यातच जातं. चूक करतोय असं तिच्या मनालाही शिवलं नसणार. घरातलं सगळं जुनं बाजूला काढून, नव्या भांड्याला तिनं त्यातल्या त्यात उत्तम चरबी घासली, माझ्यासाठी.

मला मळमळलं नाही. घशात काही अडकलं नाही. हे लिहून ठेवते, कारण मला वाटायचं की तसं होईल. शरीराला काहीच कळलं नाही. कळलं ते नंतर, आणि ते शरीरात नव्हतं.

मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. पाणी मागितलं.

काकूनं कढई उचलली, परसात नेली आणि राखेनं घासायला बसली. लिआंग म्हणत होता, "राहू दे ना आई." ती ऐकेना. घासता घासता मला विचारलं, "निघेल ना गं? तू शिकलेली आहेस. निघेल ना?"

"नाही," मी म्हटलं. "तापलेलं लोखंड चरबी पिऊन टाकतं. तिचा थर होतो. धुऊन जात नाही."

खरं होतं ते. पण त्या वेळी सांगायचं काही नडलं होतं का! ती राखेचे हात तसेच घेऊन बसून राहिली.

८ एप्रिल, सोमवार

बाबांनी विचारलं. इतक्या दिवसांत आपणहून विचारलेला पहिला प्रश्न.

"तिथं खाल्लंस?"

"हो."

आणि सगळं सांगितलं. आई मध्येच उठून मोरीत गेली, पाणी सोडून उभी राहिली. तिला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही.

बाबा चिडले नाहीत. "नकळत खाल्लंस. त्याचा गुन्हा धरत नाहीत," म्हणाले.

"मग?"

"त्या बाईनं मुद्दाम केलं?"

"नाही, बाबा. माझ्यासाठी चांगलं करायला गेली."

"तेच सांगतोय मी. माणूस वाईट असता तर तू सावध राहिली असतीस, मीही निर्धास्त राहिलो असतो. चांगुलपणानं जे ताटात येतं त्यापासून कशी सांभाळणार स्वतःला? आज कढई. उद्या तुझं मूल आजीकडे जाईल. ती त्याला प्रेमानं भरवेल. तू काय करशील, तिचा हात धरशील?"



"मी बसणार नाही," म्हणाले. या वेळी आवाज थकलेला होता. पहिल्या वेळेपेक्षा हे जास्त लागलं.

१२ एप्रिल

लिआंगला भेटले. तो म्हणाला, "चूक माझी. मला आधीच सांगायला हवं होतं. पण सुचलंच नाही. कढई अशीच करतात, दुसरी तऱ्हा असते हेच मला माहीत नव्हतं."

हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्यामुळेच मला भीती वाटली. त्याला माहीत नाही अशा आणखी किती गोष्टी असतील? मला माहीत नाही अशा?

मी म्हटलं, थोडं थांबू या.

"थांबू या म्हणजे?"

"म्हणजे थांबू या."

त्यानं वाद घातला नाही. बस येईपर्यंत उभा राहिला. नदी अजून गढूळच.

१५ एप्रिल

काही नाही.

१८ एप्रिल

आईनं विचारलं, "पंपघरातली माणसं बरी आहेत ना?"

"बरी असतील."

"असतील?" एवढंच म्हणाली.

२१ एप्रिल, रविवार

हे सगळं आजच लिहून काढायला हवं.

सकाळची वेळ, दुकानात रांग दारापर्यंत. मी गल्ल्यावर. मान वर केली तर रांगेत काकू! अंगावर जाकीट, पाठीला गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी गोल, दोरीनं बांधलेलं. मी उठायला गेले तर तिनं हातानंच दटावलं. पाळी आल्यावर पुढे येऊन म्हणाली, "मी गिऱ्हाईक आहे. एक वाटी दे."

"काकू, तुम्ही—"

"मागं माणसं खोळंबलीत गं."

तिनं कूपन बाबांच्या ओट्यावर ठेवलं. बाबांनी न बघताच विचारलं, "जाडी कोणती?"

"मला काय कळतंय त्यातलं! आमच्याकडे भात खातात. चांगली असेल ती द्या."

बाबांनी ओढून दिल्या. तिनं कोपऱ्यात बसून खाल्ल्या, रस्सा तळापर्यंत प्यायली. मग वाटी घेऊन परत ओट्याशी आली. "मीठ बरोबर आहे. तिखट जास्त. पण रस्सा असा मी कुठंच प्यायले नाही. तुम्हीच मालक ना? मी लिआंगची आई."

बाबांच्या हातात ओढलेलं पीठ होतं. ते मध्येच सोडता येत नाही, तुटतं. त्यांनी ते पूर्ण ओढलं, पातेल्यात सोडलं, मगच मान वर केली.

काकूनं दोरी सोडली. गोधडीतून कढई निघाली. कोरी, करड्या रंगाची, कारखान्याचं तेल तसंच लागलेलं. "हिला मी पाणीसुद्धा लावलेलं नाही. पहिली मी वाया घालवली, तुम्हाला कळलंच असेल. आता ही तुम्हीच करून द्या. तुमच्या हातची झाली म्हणजे माझ्याकडून चूक व्हायला जागाच नाही."

रांग कढई बघायला पुढे झुकली. नूडल्स भुरकायचा आवाजसुद्धा बंद.

बाबा म्हणाले, "रांग संपू दे."

म्हणजे नाही म्हणाले नाहीत! मी सुट्टे चुकीचे दिले. एका म्हाताऱ्यानं परत आणून दिले.

गर्दी सरल्यावर बाबांनी कढई मोठ्या शेगडीवर चढवली. कारखान्याचं तेल जळून धूर झाला, लोखंड निळं पडलं. गोमांसाच्या चरबीचा तुकडा चिमट्यात धरून ते घासायला लागले. काकू शेजारी उभी, नव्या शिकाऊ आचाऱ्यासारखी मान लांब करून.

"जाळ मोठा ठेवलात हो."

"मोठाच लागतो."

"आमच्याकडे मध्यमच ठेवतात. बाकी सगळं असंच करतात, फक्त चरबी—"

"ते सांगू नका!"

"नाही सांगत, नाही सांगत."

आचारी तोंड फिरवून हसला. बाबांच्या ओठाचा कोपरा हलला, मी पाहिलं.

चरबीचा दुसरा हात फिरल्यावर काकू म्हणाली, "मालक, एक विचारू? मी गेल्यावर माझा मुलगा थडग्यावर येऊ शकेल ना? कागद नको, जेवण नको, ते मी सोडलं. नुसता येऊ शकेल ना? का तेही चालत नाही तुमच्यात?"

बाबांचा हात थांबला. चरबी कढईत चरचरत राहिली.

"आईच्या थडग्यावर मुलानं जायचं नाही, असं कुठला धर्म सांगेल?" म्हणाले. "येईल. रिकाम्या हातानं येईल, पण येईल. नाही आला तर मला कळवा."

"मी मेल्यावर कसं कळवू?"

आता मात्र बाबा हसले. नाकातून, थोडंसंच.

कढई पुसून, थंड करून त्यांनी ती स्वतः गोधडीत बांधली. "वेगळ्या खिळ्याला टांगा."

"सगळ्यात वरच्या खिळ्याला टांगीन. मी बोटसुद्धा लावणार नाही."

"बोट लावा हो. वापरली नाही तर गंजेल. हलाल आणा आणि तुम्हीही शिजवून खा."

काकू गेली. स्टेशनपर्यंत सोडायला मी गेले. वाटेत एकदाही म्हणाली नाही की माझ्या मुलाशी लग्न कर. "तुझे बाबा हाताचे चांगले आहेत," एवढंच. आणि गाडीत चढताना, "तो जेवत नाही नीट."

बाबा निकाहबद्दल अक्षर बोलले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "कढई करून दिली. कढईच होती ती."

२२ एप्रिल

लिआंगला फोन केला. थांबणं संपलं, असं सांगितलं. बाबांचं अजून काही नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "कलमा येतो आता. पंपाच्या आवाजाशिवाय म्हणून दाखवू?"

"पंप बंद करून?"

"पंप बंद करून."

म्हणून दाखवला. एका ठिकाणी चुकला. मी सांगितलं नाही. शिकतेय!

२६ एप्रिल, शुक्रवार

बाबा जुम्याची नमाज पढून दुकानात आले. कामावरून लवकर सुटले होते म्हणून मीही तिथंच होते. त्यांनी बाह्या सारल्या, पीठ घेतलं, ओढलं. वाटी माझ्यासमोर आणून ठेवली. माझी जाडी. एकसारखी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मग पिठाचा आणखी एक गोळा हातात घेऊन उभे राहिले.

"तो कोणती जाडी खातो?"

मला माहीत नव्हतं. त्याच्याबद्दल एवढं साधं मला माहीत नव्हतं! "विचारून सांगते," म्हटलं.

"विचारतेस कशाला? पाठव त्याला."